जीपमागे टाकलेली चूळ

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी तोंडपाठ आहेत. चहात चोरून साखर किती घालतो, नातेवाइकांचा फोन आला की घरात बसून ‘बाहेर आहे’ कसं सांगतो — सगळं. पण आता जे लिहितोय ते तिच्याही कानावर नाही. मुलीच्या नाही. ज्याच्याबरोबर वीस-बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला त्या मित्राच्याही नाही. कधी वाटायचं, पिणारा असतो तर एखाद्या बैठकीत तोंडातून निसटलं असतं. पीत नाही, म्हणून आतच राहिलं.

तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. उगाच मोठं कारण शोधू नका.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका खाजगी प्रयोगशाळेत होतो. पाणी तपासायचं, माती तपासायची, रिपोर्ट द्यायचा. त्यातही माझ्याकडे पेट्रोल पंपांचं काम. पंपावर तुम्हाला दिसते ती मशीन आणि नळी; खरा माल पायाखाली असतो, जमिनीत पुरलेल्या लोखंडी टाक्यांत. लोखंड आलं की गंज आला, आणि गंज आला की कधी ना कधी भोक आलं. ते वरून दिसत नाही. पेट्रोल थेंबाथेंबाने मातीत उतरतं, मातीतून पाण्यात, आणि मग पाणी उताराने जिथे जाईल तिथे तेही जातं. ते कुठून निघालं आणि कुठवर पोचलं हे शोधायचं, मग उपसून, खणून साफ करायचं — हे माझं पोटापाण्याचं काम. आणि मी त्यात बरा होतो. नुसत्या वासावरून पेट्रोल ताजं की मुरलेलं ते सांगायचो. लोक कौतुक करायचे, मलाही ते आवडायचं.

तर — सुरुवात कुठून करू? विहिरीपासून केली तर तुम्हाला वाटेल, मी विहिरीपाशीच पहिल्यांदा घसरलो. तसं नाही. त्याच्या आधी एक रविवार आहे.

अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना मोरिवलीच्या अंगाला एक पंप होता. त्याची टाकी गळते का, एवढंच बघायचं होतं. पद्धत अगदी साधी. विक्री थांबवायची. खुणा केलेली पितळेची काठी टाकीच्या तोंडातून तळापर्यंत सोडायची आणि पातळी वाचायची. मग बारा तास टाकीला हात लावायचा नाही. बारा तासांनी पुन्हा काठी सोडायची. उन्हापावसाने मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडे तिकडे होतं, ते सोडून पातळी उतरली असेल तर टाकी गळतेय. संपलं. यात काय आहे न जमण्यासारखं?

पंपाचा मॅनेजर उल्हासनगरचा, भला माणूस. सकाळी सहाला दोरी बांधून, ‘पेट्रोल नाही’ची पाटी लावून माझ्याआधी हजर. मी पहिली पातळी घेतली, वहीत लिहिली. आणि त्याच दिवशी डोंबिवलीला साडूच्या मुलीचा साखरपुडा होता. म्हटलं जाऊन येतो, दिवस तर अख्खा पडलाय. जेवणं लांबली. मग पान, मग पत्ते. संध्याकाळी सहाला मॅनेजरचा फोन — “साहब, टाइम हो गया. येताय ना? सकाळपासून पब्लिकच्या शिव्या खातोय.” माझ्या हातात चांगली पानं आली होती. मी म्हणालो, तुम्हीच मोजा आणि सांगा.

त्याने मोजलं आणि सांगितलं. आकडा सकाळपेक्षा कमी होता. मिलिमीटर-दोन मिलिमीटरने नव्हे, चांगला बोटभर.

मी म्हणालो, काठी तिरकी गेली असेल तुमची. तो म्हणाला, “साहब, रोज सुबह मीच टाकतो ना.” बरोबर होतं त्याचं. रोज सकाळी काठी टाकून माल मोजणारा तो, आणि मी त्याला काठी कशी धरायची ते पत्त्यांच्या डावावरून शिकवत होतो. मी म्हणालो, राहू द्या, ठीक आहे, विक्री सुरू करा. त्याने विक्री सुरू केली. साहेब म्हणतो ठीक आहे, तर ठीक असेल — असंच असतं ना आपल्याकडे?

सोमवारी मी रिपोर्टात दुसऱ्या रकान्यात पहिलाच आकडा लिहिला. तंतोतंत. काम जाणणारा कुणीही तो कागद बघून हसला असता, कारण खरी टाकी बारा तासांनी कधीच तंतोतंत तोच आकडा देत नाही. कुणी बघितला नाही. खाली माझी सही.

तुम्ही म्हणाल, हीच ती चूक. नाही हो. ही तर नुसती आळशी माणसाची लबाडी. एवढीच असती तर मी एव्हाना विसरलोही असतो.

पुढच्या उन्हाळ्यात — सव्वीस जुलैचा पूर आला त्याच्या आदल्या वर्षी — आमच्याकडे एक अर्ज आला. पंपाच्या मागे उताराला मोरिवलीची बौद्धवाडी आहे. तिथे एक विहीर. साधी विहीर नव्हे. गावच्या विहिरीवर त्यांना चढू देत नव्हते, तेव्हा छप्पन सालानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी कारखान्यातून सुटल्यावर कुदळी घेऊन स्वतः खणलेली. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी सगळी वाडी मिळून ती उपसते, गाळ काढते, कठड्याला चुना लावून वर निळीचा पट्टा ओढते. त्याशिवाय जयंतीची मिरवणूक निघत नाही. त्या वर्षी गाळ काढायला उतरलेले दोघे डोकं धरून वर आले. एकाला ओकारी झाली. पाण्याला वास येत होता. अर्ज नगरपालिकेत गेला, तिथून पंपाला विचारणा झाली, आणि पंपाने आमच्या प्रयोगशाळेला बोलावलं. साहेबांनी मला पाठवलं, कारण ती जागा माझ्या माहितीची.

विहिरीवर दोर धरायला एक बाई पुढे आली. पन्नाशीची, सडसडीत, कासोटा घट्ट. शेवंताबाई. विहीर खणणाऱ्यांत तिचा सासरा होता आणि त्याच्यामागे विहिरीची देखरेख तिच्याकडे आली होती, कुणी नेमलं नव्हतं पण आली होती. कुणी साबण घेऊन कठड्यावर बसलं की तिचा आवाज पंपापर्यंत ऐकू जायचा म्हणे. मला म्हणाली, “वास हाय साहेब. ही पोरं म्हनतात मला भास होतो. तुमी सांगा.”

मी पाण्याचं नळकांडं आत सोडलं आणि वर ओढलं. पाण्यावर रंगीत तवंग होता. बारीक, पण होता. नाकाशी नेलं. ताजं पेट्रोल. तोच पंप, तीच टाकी, माझीच सही. मधल्या वर्षभरात पेट्रोल गळत गळत इथवर आलं होतं आणि टाकी गळत नाही असा माझा दाखला पंपाच्या फायलीत होता.

मी तिला काय सांगितलं माहीत आहे? “तपासल्याशिवाय काही बोलता येत नाही, बाई.” शास्त्रज्ञाच्या तोऱ्यात.

आता नीट ऐका, कारण मी जे केलं ते आजतागायत कुणी पकडलेलं नाही आणि पकडूही शकणार नाही. पेट्रोलचं पाणी तपासायला न्यायचं तर काचेची छोटी बाटली काठोकाठ भरावी लागते. झाकण लावल्यावर आत एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. लगेच बर्फात ठेवायची. कारण पेट्रोल उडतं. बाटलीत मोकळी जागा मिळाली की ते पाण्यातून निघून त्या हवेत जाऊन बसतं, आणि झाकण सैल असेल तर तिथूनही जातं. हे मी नव्या माणसांना दहा-दहा वेळा ओरडून शिकवायचो.

मी त्या बाटल्या अर्ध्या भरल्या. झाकणं सैल ठेवली. मे महिन्याच्या उन्हात जीपच्या काचेखाली मांडल्या, काचा वर केल्या आणि नाक्यावर जाऊन कटिंग प्यायलो. एक, मग दुसरा. तासाभराने ड्रायव्हरने दार उघडलं आणि म्हणाला, “साहेब, गाडीत पेट्रोल सांडलंय काय?” मी म्हणालो, काचा खाली कर. निघाला वास वाऱ्याबरोबर. ते विहिरीतलं पेट्रोल होतं, आणि ते कटईच्या रस्त्यावर हवेत गेलं.

मशीनने प्रामाणिकपणे तपासलं. मशीनचा काय दोष? रिपोर्टवर आलं — आढळले नाही.

एवढ्यावरही थांबता आलं असतं. रिपोर्ट टपालाने पाठवता आला असता. पण वाडीतली तरुण मंडळी मानत नव्हती, म्हणून आमच्या साहेबांनी मला तो वाचून दाखवायला पाठवलं. विहाराच्या पुढच्या ओट्यावर सगळे जमले होते. मी मोठ्याने वाचलं. गर्दीतून एकजण म्हणाला, “कागद ठीक आहे हो. पण साहेब स्वतः पिणार का?” टोमणा होता तो. माझं आडनाव ऐकलं की माझी जात कळते, आणि आडनाव रिपोर्टाखाली लिहिलेलंच होतं.

शेवंताबाईला तो टोमणा आवडला नाही. पाहुण्याला असं बोलतात का, म्हणून तिने त्याला झापलं आणि स्वतः विहिरीवर जाऊन कळशी भरून आणली. घासलेला पितळी पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसं. गूळ आणायला सांगितला कुणालातरी, मग तोही स्वतःच आणायला निघाली.

मी पेला तोंडाला लावला.

पहिला घोट गिळला. घशात उतरताना कळलं, नुसता वास नव्हता, चवही होती. दुसरा घोट मला गिळवेना. तो तोंडातच धरला, पेला रिकामा केल्यासारखा उलटा केला — उरलेलं अंगठ्याखालून अंगणात गेलं — आणि मान हलवून हसलो. गाल फुगू न देता हसायचं कसं, तेही जमलं. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, “साहेबानं आपलं पानी पिलं.” त्याच्या आवाजात पेट्रोलचा विषय नव्हताच. ते पाण्याची परीक्षा बघत नव्हते हो. ते दुसरंच काहीतरी बघत होते, पन्नास वर्षांपासून बघायचं राहिलेलं. आणि हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी प्यायलो. आता रिपोर्टावर कुणी शंका घेणार नाही, हे मला पेला हातात घेतानाच ठाऊक होतं.

घाईघाईने जीपमागे गेलो आणि चूळ टाकली. मग माझ्या बाटलीतल्या पाण्याने दोनदा खळखळून तोंड धुतलं. मान वर केली तर समोर शेवंताबाई.

तिच्या तळहातावर गुळाचा खडा होता. मला द्यायला मागोमाग आली होती.

मला वाटलं, पकडलो गेलो. आता ही ओरडणार, चार माणसं गोळा होणार, मी सगळं ओकणार. खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखंच वाटलं होतं. पण ती ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं, मातीवरच्या ओल्या डागाकडे बघितलं. मग मूठ मिटली आणि परत फिरली. मी जीपमध्ये बसलो. ती का गप्प बसली, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. वाचलो, एवढंच डोक्यात.

पुढचं मी चोरून केलं. पंपाच्या मालकाला सांगितलं, टाकी जुनी झाली, बदलून टाका. तो खळखळ न करता तयार झाला. मला वाटतं त्याच्या मॅनेजरने त्याला बरंच आधी सांगितलेलं असणार. टाकी उचलली तेव्हा तळाला भोक दिसलं, करंगळी जाईल एवढं. बरोबर भरण्याच्या तोंडाखाली. वर्षानुवर्षं रोज सकाळी तीच काठी त्याच जागी आपटून तिथलं लोखंड झिजलं होतं. ज्या काठीने गळती शोधायची तिनेच ते भोक पाडलं होतं. पंपावरच्या लोकांना त्याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं, कारण मी भोकाकडे नीट बघूच शकलो नाही.

खड्ड्यातली माती काळी पडली होती. ती मागच्या मोकळ्या जागेत पसरून उन्हात उलटीपालटी केली. पंप आणि वाडी यांच्यामध्ये बोअर मारला, त्याचं पाणी दिवसरात्र उपसत ठेवलं, वरचं पेट्रोल वेगळं काढलं. लोकांना सांगितलं, झाडांसाठी आणि गाड्या धुण्यासाठी बोअर आहे. दोन पावसाळे हे चाललं. मी दर पंधरा दिवसांनी रजेच्या दिवशी जाऊन पाणी बघायचो. बाटली काठोकाठ भरून. बुडबुडा नाही. बर्फात. हळूहळू आकडा उतरत गेला आणि शेवटी खरोखरच ‘आढळले नाही’ झालं. काम उत्तम झालं, असं कुणीही म्हणेल.

पण त्या दोन वर्षांत वाडीत जाऊन ‘तूर्त नळाचं पाणी प्या’ एवढं म्हटलं नाही. नळ होता त्यांच्याकडे. बारीक यायचा, दिवसाआड यायचा, पण होता. चार शब्दांचं काम होतं. ते चार शब्द बोललो असतो तर कुणीतरी ‘का?’ विचारलं असतं. त्या ‘का’ला मी भ्यालो. मी सगळं साफ केलं — माती, बोअर, कागद. फक्त माणसं सोडली.

आणखी एक विचारतो, स्वतःलाच. ती विहीर माझ्या मावशीच्या दारची असती तर? बदलापूर गावात आहे मावशीची विहीर. तिथे मी बाटल्या उन्हात मांडल्या असत्या का? की सही गेली खड्ड्यात म्हणून धावत जाऊन रहाट बांधून ठेवला असता? याचं उत्तर मला येतं. तुम्हालाही येतं.

चार वर्षांनी आमच्या प्रयोगशाळेत एक मुलगी आली. पंचविशीची, कल्याणला कुठल्याशा ऑफिसात नोकरीला, खांद्याला पर्स आणि हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, अर्धी भरलेली. म्हणाली, “सर, हे टेस्ट करून मिळेल का? पेट्रोलसाठी. आमच्या विहिरीचं आहे, मोरिवलीचं.” नाव प्रज्ञा. शेवंताबाईची धाकटी.

मी तिला बसवलं. ती सांगत गेली. आई तीन महिन्यांपूर्वी गेली. अंगात रक्तच तयार होत नव्हतं. दर काही दिवसांनी मुंबईला नेऊन रक्त चढवायचे, तिथल्या डॉक्टरांनी दोन-तीनदा विचारलं होतं — बाई कधी रंगाच्या, पेट्रोलच्या कामाला होत्या का? घरच्यांनी नाही म्हणून सांगितलं, कशाला असेल? पण प्रज्ञाच्या डोक्यात तो किडा राहिला. ते त्या वर्षीचं पाणी. म्हणून बाटली भरून आणली. “मला फक्त कळायला हवं, सर. आई पाण्याने गेली का. दुसरं काही नको.”

ती पाण्यानेच गेली असं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. तसं झालं नाही, असंही मी सांगू शकत नाही. पण त्या विहिरीत पेट्रोल होतं का, हे सांगू शकणारा अख्ख्या जगात एकच माणूस होता आणि ती त्याच्यासमोर बसली होती.

मी म्हणालो, तेव्हा रिपोर्ट चांगला आला होता ना?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ते सर तुम्हीच ना? वाटलंच मला. तेव्हा चष्मा नव्हता तुम्हाला.” आणि थांबली. बोलू की नको, असं चाललं होतं तिचं. “एक सांगू? राग मानू नका. आईने तुम्हाला बघितलं होतं. गाडीच्या मागे. आमचं पाणी थुंकताना.”

माझे हात टेबलावर होते. ते तिथेच राहिले.

“कोणाला बोलली नाही ती. लोक इतके खूश होते ना त्या दिवशी, तिला ते मोडायचं नव्हतं. घरी मला तेवढं म्हणाली — अजून यांच्या घशाखाली आपलं पानी उतरत न्हाई. आणि मग हट्टाला पेटली. तोपर्यंत सर ती नळाचंच पीत होती, वास येतो म्हणून. त्या दिवसापासून विहिरीचं. मुद्दाम. आम्ही भांडायचो तिच्याशी. तिचं एकच — सासऱ्यानं खनलेलं पानी हाय, कोनी थुंकलं म्हनून वाईट होत न्हाई.”

बाहेर कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला. जेवणाच्या सुट्टीचा असावा.

आता बघा. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. म्हणायला हवं होतं — पोरी, मी जात म्हणून नाही थुंकलो, पाण्यात पेट्रोल होतं म्हणून थुंकलो, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढं वाक्य. तिला हवं होतं ते नेमकं उत्तर. दोन माणसं माझ्यापुढे होती: एक जातीवर जाणारा हलकट, आणि दुसरा, ज्याने वाडीला जाणूनबुजून तसलं पाणी पाजलं. मला त्यातला एक कबूल करायचा होता. मी स्वस्तातला निवडला.

मी खाली बघून म्हणालो, “चुकलं माझं. माफ करा मला.”

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “जाऊ द्या सर. कबूल तरी केलंत. एवढंही कुणी करत नाही.” वर मलाच धीर दिला तिने. घरात लहानपणापासून जे बघितलं असेल ते असतं अंगात, तुम्ही तरी काय कराल, असं काहीतरी बोलली.

आणि तिची ती बाटली? अर्धी भरलेली, प्लॅस्टिकची, दिवसभर पर्समध्ये तापलेली. विहीर साफ होऊन दोन वर्षं झालेली. त्या बाटलीतून काहीच कळणार नव्हतं हे मला ती हातात घ्यायच्या आधी माहीत होतं. तरी मी घेतली. तपासली. आठवड्याने ती आली तेव्हा कागद दिला — आढळले नाही. या वेळचा रिपोर्ट शब्दान्‌शब्द खरा होता. तिने तो दोनदा वाचला, घडी केली, पर्समध्ये ठेवला.

“म्हणजे आईचंच खरं होतं,” ती म्हणाली. “पाणी चांगलंच होतं. मी उगाच भांडले तिच्याशी.”

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

आता नोकरी संपली. बदलापूरला राहतो. प्रज्ञा लग्न होऊन चिखलोलीच्या नव्या इमारतींत राहायला आली आहे. मला तिची इमारत माहीत आहे, मजलाही माहीत आहे. रिक्षाने दहा मिनिटं. एकदा बाजारात दिसली होती, तिने लांबून हात केला आणि आपल्या नवऱ्याला काहीतरी सांगितलं. चांगलंच सांगितलं असणार, कारण तोही हसून नमस्कार करून गेला.

शेवंताबाई गेली ती आपल्या पाण्याला एका माणसाने नावं ठेवली एवढंच मनात धरून, आणि पाणी चांगलं आहे हे दाखवायला ते रोज पीत. तिच्या मुलीने मला माफ केलं आहे. ज्यासाठी केलं, ते मी केलेलं नव्हतं, किंवा नुसतं तेवढंच केलेलं नव्हतं. जे केलं, ते तिला अजून माहीत नाही.